वडाच्या पोटात वाडा

वाडा पाडायला माणसं यायच्या चार दिवस आधी मी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी फोन घेऊन गेले. तारीख २८ नोव्हेंबर. दादानं किल्ली हातात ठेवली आणि म्हणाला, "काय काढायचं ते आत्ताच काढून घे. मागाहून राहिलं म्हणू नकोस." दुपारी एक ते पाच मी फोटो काढत होते. देवडीचा दरवाजा, चौकातला नळ, कोनाड्यांतली काजळी, जिन्याची झिजलेली तिसरी पायरी, माडीचा कातीव कठडा, न्हाणीघरातला तांब्याचा बंब जिथे असायचा ती काळी भिंत. एकूण २१४ फोटो.

रात्री घरी ते एकेक करून बघितले आणि घशाशी आवंढा आला. वस्तू सगळ्या होत्या, वाडा नव्हता. वाड्यात शिरल्यावर अंगाला जो गारवा लागायचा, चौकात उभं राहिलं की चारी बाजूंनी कुणीतरी आपल्याला धरून आहे असं जे वाटायचं, त्यातलं काहीच फोटोंत उतरलं नव्हतं. नोंदीसाठी फोटो चांगले होते. मला नोंद नको होती.

आजी आम्हाला सांगायची की हे गाव वडाच्या पोटात वसलंय. वटोदर, वडाचं उदर, त्यावरून वडोदरा आणि आपलं बडोदं. इ.स. ८१२च्या राष्ट्रकूट ताम्रपटात वटपद्रक असं नाव येतं, म्हणजे वड इथे खरोखरच जुना आहे. लहानपणी मला हे शब्दशः खरं वाटायचं. वर कुठेतरी फांद्या आहेत, आपल्या माडीच्या मागे खोड आहे आणि पारंब्या जिन्याच्या अंधारातून खाली येतात. त्या रात्री फोटो चाळताना तेच चित्र पुन्हा डोळ्यांपुढे आलं. ठरवलं, हे करायचं. एका प्रचंड वडाच्या पोटात आमचा वाडा, पारंब्यांनी धरलेला, आणि माडीवर झोपाळ्यावर बसलेली आजी.

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. चित्रकलेचं शिक्षण शाळेपुरतं. पण फोटो कापून, जोडून त्यातून न पाहिलेलं दृश्य उभं करणं ही गोष्ट मला परकी वाटली नाही, कारण ती मी शेजारच्या घरात पाहिलेली होती. आमच्या शेजारी वैष्णव कुटुंब होतं. त्यांच्या बैठकीत राजस्थानातल्या नाथद्वाराचं एक मोठं चित्र होतं: मध्ये रंगवलेले श्रीनाथजी, आणि दोन्ही बाजूंना हात जोडून उभे असलेले त्यांचे पणजोबा-पणजी. अंग, कपडे, दागिने सगळं चितारलेलं, पण चेहरे फोटोतले, कापून चिकटवलेले. कडा रंगानं इतक्या बेमालूम मिटवलेल्या की लहानपणी मला वाटायचं, ही माणसं खरंच तिथे उभी होती. नाथद्वाराच्या चित्रकारांनी अशी मनोरथ-चित्रं कितीतरी केली आहेत. युरोपातही १८५७ साली ऑस्कर रेलँडर नावाच्या छायाचित्रकारानं तीसहून अधिक निगेटिव्ह एकत्र छापून एकच मोठं दृश्य उभं केलं होतं. संगणक येण्याच्या शंभरएक वर्षं आधीची गोष्ट.

भाच्यानं माझ्या लॅपटॉपवर गिम्प हे फोटो कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर घालून दिलं. ते मोफत आहे, १९९६पासून लोक ते घडवत आले आहेत, आणि मला लागणारं सगळं त्यात निघालं. पहिल्या दिवशी त्यानं लेयर शिकवले. काचेवर काच ठेवावी तसे थर, प्रत्येक काचेवर वेगळा तुकडा. मग मास्क शिकवला. इथे मी अडले. खोडरबरानं नको तो भाग पुसण्यापेक्षा मास्क लावायचा, म्हणजे नेमकं काय? तो म्हणाला, "आत्या, काही पुसायचंच नाही. काळ्या रंगानं झाकायचं, पांढऱ्यानं उघडायचं. फोटो खाली जसाच्या तसा राहतो."

हा मुलगा कलाभवनात इंजिनिअरिंग शिकतो. १८९० साली सयाजीराव महाराजांनी सुरू केलेलं कलाभवन हेच. दादासाहेब फाळके इथेच शिकले, आणि प्राध्यापक गज्जरांनी त्यांना इथला फोटो स्टुडिओ वापरू दिला. मी त्याला म्हटलं, तुझ्या वर्गाच्या आसपासच कुठेतरी फाळके असं झाकणं-उघडणं शिकले असतील. पुढे ते सिनेमे काढू लागले त्या काळी एकाच फिल्मवर दोन दृश्यं हवी असली की काळ्या पुठ्ठ्यानं अर्धं भिंग झाकायचं, चित्र घ्यायचं, फिल्म मागे गुंडाळायची आणि दुसरा अर्धा भाग झाकून पुन्हा घ्यायचं. काळ्यानं झाकलं ते येत नाही, उघडं राहिलं ते येतं. हे मनात बसल्यावर मास्क मला पुन्हा कधी समजून घ्यावा लागला नाही.

पहिला प्रयत्न आजीपासून केला, आणि तो पार फसला. आजीचा एक स्टुडिओतला फोटो आहे, १९६१चा, काळापांढरा, वरून गालांना हातानं गुलाबी रंग दिलेला. तो ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके या हिशोबानं, स्कॅन केला. चार बाय सहा इंचांच्या प्रिंटमधून २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळाले, म्हणजे आकाराला काही कमी नव्हती. दोन संध्याकाळ बसून पदराच्या कडा कापल्या आणि आजीला माडीच्या कठड्यामागे ठेवलं. ती तिथे बसेचना. उंची लहान केली, मोठी केली, रंग काढला, पुन्हा घातला. काहीही केलं तरी ती कुणीतरी वरून चिकटवलेली दिसत होती. माझ्याच आजीच्या चेहऱ्याकडे बघून मला परकं वाटायला लागलं, तेव्हा लॅपटॉप बंद करून टाकला.

चूक कापण्यात नव्हती हे कळायला आठवडा गेला. स्टुडिओत दिवा समोरून लावलेला असतो. चेहरा दोन्हीकडे सारखा उजळ, नाकाची सावली नावाला. माझ्या चौकातल्या फोटोत ऊन डावीकडून, जरा मागून येत होतं. कठड्याच्या प्रत्येक गजाची उजवी बाजू काळी, डावी उजळ. आजीवर एक सूर्य आणि वाड्यावर दुसरा. बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण डोळ्याला लगेच कळतं. वाडा झाडात असतो हे डोळा मान्य करतो, दोन सूर्य मान्य करत नाही. कल्पना कितीही अचाट असू दे, उजेड एकच पाहिजे.

मग मी २१४ फोटोंतून एक निवडला. चौकात उत्तरेकडे तोंड करून काढलेला, माडी, कठडा आणि खालच्या सोप्याचे चार खांब दिसतात तो. फोनमध्ये वेळ नोंदलेली होती, ३ वाजून ५ मिनिटं. हा फोटो पुन्हा घेता येणार नव्हता, वाडा तोवर जमीनदोस्त झाला होता. म्हणून या चित्रातला सूर्य हाच ठरवणार. वड, पाणी, आजी, जे जे नव्याने काढायचं ते याच उन्हात काढायचं.

पण डिसेंबर सुरू झाला होता आणि ऊन रोज सरकत होतं. भाचा कागद घेऊन बसला. सूर्य २१-२२ डिसेंबरला दक्षिणेच्या टोकाला जातो आणि परत फिरतो. त्या टोकाच्या तेवीस दिवस आधी तो आकाशात ज्या वाटेनं जातो, जवळपास त्याच वाटेनं तो टोकानंतर तेवीस-चोवीस दिवसांनी जातो. २८ नोव्हेंबरची जोडी पडते १४ जानेवारीशी. संक्रांत! बडोद्यात उत्तरायण. फक्त घड्याळ जुळत नाही. पृथ्वीची कक्षा लांबट आणि आस कललेली, त्यामुळे नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य घड्याळाच्या पुढे असतो आणि जानेवारीच्या मध्यावर मागे. फरक सुमारे २१ मिनिटांचा. म्हणजे ३ वाजून ५ मिनिटांचं ऊन १४ जानेवारीला ३ वाजून २६ मिनिटांनी मिळणार. तो हे सगळं सांगत होता आणि माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती: वाडा पडला, पण त्याच्यावर पडलेलं ते ऊन परत येणार आहे.

वड मी आधीच हेरून ठेवला होता. कमाटीबागेत, मोठा, पारंब्या जमिनीत रुजून खांब झालेला. बाग १८७९ची, आमच्या आजोबांच्याही आधीची. उत्तरायणाच्या दिवशी अख्खं बडोदं अगाशीवर असतं. उंधियू, जिलबी, भोंगे, "काप्यो छे"च्या आरोळ्या. मी दादाच्या गच्चीवरून उतरून अडीच वाजता बागेत आले. वडाजवळ गेले आणि डोकं धरून बसले. झाडाला पतंग अडकलेले. एक-दोन नाही, पंधरा-वीस. लाल, पिवळे, फाटके, शेपट्या लोंबणारे, आणि फांद्याफांद्यांतून मांजा. सहा आठवडे ज्या दिवसाची वाट पाहिली त्या दिवशी हे! पण दुसरा इलाज नव्हता. पुढच्या काही दिवसांत ऊन थोडंसंच हललं असतं हे आता मला कळतं. तेव्हा मात्र ३ वाजून २६ हीच वेळ मनात घट्ट बसली होती.

भाच्यानं एक फुटाची पट्टी जमिनीत उभी धरली. सावली वीस इंचांच्या आसपास पडली, हिशोबाप्रमाणेच. मी उत्तरेकडे तोंड केलं, फोन वाड्यात धरला होता तेवढ्याच उंचीवर, छातीशी धरला. या उंचीकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत, आणि उजेडानंतर चित्र सर्वांत जास्त तिथेच फसतं. डोळ्यांची रेषा दोन फोटोंत वेगळी असली की एक वस्तू वरून बघितल्यासारखी आणि दुसरी खालून बघितल्यासारखी दिसते, मग ती कितीही सुबक जोडा. फोन वर उचलून तिरका करायचा नाही, कारण उभ्या रेषा आत झुकतात. वाड्यात मी तो थोडा तिरका केला होता, त्याची दुरुस्ती मला नंतर पर्स्पेक्टिव्हच्या हत्यारानं करावी लागली, आणि त्यात कठड्याची दोन्ही टोकं कापली गेली.

वडाचे मी एकामागून एक, एकमेकांवर तिसरा हिस्सा चढेल असे, अठरा फोटो काढले. एका फोटोत पुरेसे पिक्सेल नसतात. माझ्या फोनचा फोटो ४००० बाय ३००० आणि मला चित्र ६००० रुंद हवं होतं. पारंब्यांचे वेगळे. मुळं जिथे मातीत शिरतात तिथले वेगळे. खालून वर पालवीकडे बघून काढलेले वेगळे. शेवटी विश्वामित्री नदीच्या पुलावरून पाण्याचे काढले, हिरवट, संथ पाण्याचे.

आजीचा प्रश्न दुसऱ्या दिवशी सुटला. वासी उत्तरायणाला आम्ही दादाकडेच होतो. वाड्यातला झोपाळा, पाट आणि पितळी कड्या, त्यानं सोडवून आणून आपल्या गॅलरीत टांगलाय. वहिनी कपाट आवरत होती आणि तिच्या हाताला आजीची नऊवारी लागली. विटकरी रंगाची, काठ विरलेले. तिनं ती माझ्या खांद्यावर टाकली आणि जरा वेळ नुसती बघत राहिली. म्हणाली, "पाठीमागून तुम्ही अगदी तशाच दिसता, ताई." मी नऊवारी नेसले, अंबाडा बांधला, आणि साडेतीनच्या सुमाराला झोपाळ्यावर पाठमोरी बसले. ऊन डावीकडून येईल असा झोपाळा फिरवून घेतला होता. भाच्यानं चाळीसेक फोटो काढले. त्यातल्या एकात माझा उजवा पाय जमिनीला टेकलाय आणि झोका द्यायच्या आधीचा भार टाचेवर आलाय. आजी असाच पाय टेकायची. तो फोटो घेतला. स्टुडिओतला चेहरा मी चित्रात कुठेच वापरला नाही.

मग जोडकाम. जानेवारीची अखेर ते मार्च, रोज दुपारी दोन तास.

पानं कापायची कशी, हा धसका मी घेतला होता. हजारो पानं, प्रत्येकाच्या कडेतून आकाश डोकावणारं. हातानं कापायला जन्म गेला असता. भाच्यानं रस्ता दाखवला. रंगीत फोटो म्हणजे लाल, हिरवा, निळा असे तीन करडे थर. त्यातल्या निळ्या थरात आकाश जवळजवळ पांढरं दिसतं आणि पानं काळपट. त्या थराची नक्कल घ्यायची, कर्व्हनं, म्हणजे उजेड-अंधार कमीजास्त करायच्या हत्यारानं, फरक आणखी ताणायचा, की पांढरं ते पूर्ण पांढरं आणि काळं ते पूर्ण काळं होतं. तोच मास्क. उलटा केला की झाड सुटून हातात आलं, एकेका पानाच्या दातऱ्या कडेसकट. त्या दिवशी दुपारचा चहा मी दोनदा केला, इतका आनंद झाला.

पतंग मात्र पानांबरोबरच सुटून आले. मी ते काढायला बसले, तीन काढलेही. मग झाड वाड्यावर ठेवून बघितलं आणि हात थांबला. तुळया आणि फांद्या यांच्या त्या तपकिरी गर्दीत तो एक लाल पतंग होता म्हणून तर ते झाड बडोद्याचं वाटत होतं. तिन्ही पतंग परत आणले.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो पारंब्यांनी. वाडा झाडापुढे ठेवला की तो झाडापुढे ठेवलेला दिसतो. तो झाडात आहे असं वाटायला झाडानं त्याला धरायला हवं. म्हणून सव्वीस पारंब्या मी एकेक करून खांबांभोवती वळवल्या, कठड्यातून आत-बाहेर विणल्या, जिन्यात उतरवल्या. प्रत्येक पारंबीचा पुढचा भाग खांबाच्या वर, मागचा खांबाखाली झाकलेला. आणि जिथे पारंबी लाकडाला टेकते तिथे एक बारीक, गडद, जवळजवळ केसाएवढी सावली. ही टेकण्याची सावली नसेल तर वस्तू हवेत तरंगते. त्यापुढे उन्हानं पडणारी सैल सावली, जी लांब जाईल तशी मऊ होत जाते. दोन्हींसाठी मल्टिप्लाय हा मिसळण्याचा प्रकार वापरला. त्यात वरचा थर खालच्याशी गुणला जातो, त्यामुळे खालचा लाकडाचा पोत तसाच राहून फक्त काळोख चढतो.

सुरुवातीला मी सावल्या शुद्ध काळ्या काढल्या आणि सगळं चित्र मेल्यासारखं दिसायला लागलं. मग मूळ फोटो मोठा करून वाड्यातल्या सावलीवर रंग उचलण्याचं हत्यार ठेवलं. सावली निळसर होती. वरच्या आकाशाचा निळा आणि भिंतींना दिलेल्या निळीच्या चुन्याचा निळा, दोन्ही तिच्यात उतरलेले. झाडाखालची सावली हिरवट तपकिरी निघाली. इतकी वर्षं त्या घरात राहून मी सावलीला रंग असतो हे पाहिलं नव्हतं. आता रस्त्यानं चालताना मला दुसरं काही दिसत नाही.

उजेड-अंधार जुळलाय का हे तपासायला सर्वांत वर एक थर ठेवला, जो सगळं चित्र काळंपांढरं करतो. रंग डोळ्याला फसवतो, करडा फसवत नाही. त्यात लगेच दिसलं की वाड्यातला काळोख खराखुरा काळा आहे आणि वडामागचा काळोख फिका आहे, जानेवारीच्या धुळीमुळे. पुढे वाडा, मागे खोड, तर मागचं फिकं असणं बरोबरच. पण आजूबाजूच्या पारंब्याही फिक्या होत्या, त्या कर्व्हनं खाली ओढल्या. आणखी एक गोष्ट: सोप्यातला अंधार उजळताना फोनच्या फोटोत रवाळ ठिपके उठले. जेपेगमध्ये, म्हणजे फोन एरवी ज्या प्रकारात फोटो साठवतो त्यात, रंगाच्या एका थराला २५६च पायऱ्या असतात, अंधारात त्यातल्या मोजक्याच वापरलेल्या असतात, त्या ताणल्या की फाटतात. फोनमध्ये रॉ, म्हणजे कॅमेऱ्याला मिळालेली जास्त माहिती राखणारे, फोटो काढायची सोय होती आणि मी ती २८ नोव्हेंबरला चालू केली नव्हती, याची मला आजही हळहळ वाटते. कुणाचं घर पडणार असेल तर आधी ती सोय चालू करा. शेवटी उपाय म्हणून सगळ्या चित्रावर एकसारखा बारीक रवा पसरला, तेव्हा फाटलेला अंधार आणि स्वच्छ झाड एकाच कॅमेऱ्यातून आल्यासारखे दिसले.

पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे मी स्वतःला शहाणी समजून बसले होते. वाड्याखाली विश्वामित्रीचं पाणी आणायचं होतं. प्रतिबिंब म्हणजे चित्र उलटं करून खाली ठेवायचं, एवढंच मला माहीत होतं. तसं केलं आणि खोटं दिसलं. सुरसागर तलावाच्या काठावर जाऊन बसले, समोरच्या इमारतींची प्रतिबिंबं पाहिली, तेव्हा कारण सापडलं. पाणी आपल्या डोळ्यांनी बघत नाही, ते खालून बघतं. गॅलरीची समोरची बाजू आपल्याला दिसते, पाण्यात तिची खालची बाजू जास्त दिसते. म्हणजे प्रतिबिंबात मला माडीच्या पुढे आलेल्या भागाचं तळ दाखवायला हवं होतं. आणि ते माझ्याकडे होतं! २८ तारखेला सोप्यात उभं राहून मी मान वर करून तुळयांचा एक फोटो काढला होता, काही कारण नसताना. तो उलटा करून, दाबून, प्रतिबिंबात बसवला. मग पाण्याच्या फोटोचीच उजेड-अंधाराची नक्कल देऊन डिस्प्लेस फिल्टर चालवला, त्यानं लाटेप्रमाणे प्रतिबिंब हललं. उजळ भाग किंचित मळवले.

विश्वामित्रीत मगरी आहेत हे बडोद्याबाहेरच्यांना खरं वाटत नाही. आम्हाला आजी त्यांचीच भीती घालायची. मगर काढायची का यावर भाच्याशी दोन दिवस वाद झाला. त्याला आख्खी हवी होती. मी फक्त एक व्ही आकाराची लाट ठेवली, खालून काहीतरी सरकतंय अशी. ज्यांना आजीनं झोपवलंय त्यांना ती कळते.

मध्ये एक मोह झाला तोही सांगते. भाच्याच्या मित्रानं आयती चित्रं बनवणारं एक कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन दाखवलं. त्यात "वडाच्या झाडात मराठी वाडा" एवढं लिहिलं आणि मिनिटभरात चार चित्रं आली. भव्य होती. दिवे लागलेले, धुकं, सोनेरी उजेड. पण कठडा कुठल्याच घराचा नव्हता, जिन्याला पायऱ्या किती हे मोजता येत नव्हतं, आणि खांब वर जाऊन तुळईला मिळतच नव्हते. ज्याला वडातला कोणताही वाडा हवा असेल त्याला ते पुरेल. मला ज्या तिसऱ्या पायरीवरून मी सातव्या वर्षी पडले ती पायरी हवी होती. ती चार चित्रं बघून मीही माझं चित्र रात्रीचं करायचा प्रयत्न केला, खिडक्यांत दिवे लावून. सगळं निळं केलं, उजेड उतरवला. पण गजांवरची उन्हाची कड जाईना, आणि ती घालवली तर मग उत्तरायणाची वाट कशासाठी पाहिली? तो थर काढून टाकला. चित्र दुपारचंच राहिलं.

छापायला पहिल्यांदा दिलं तेव्हा काळंकुट्ट आलं. माझ्या पडद्याचा उजेड मी पूर्ण चढवून ठेवला होता, त्यामुळे अंधारातलं मला जे दिसत होतं ते कागदावर असणंच शक्य नव्हतं. पडदा निम्म्यावर आणला, सोप्यातला अंधार थोडा उचलला, आधी छोटा तुकडा छापून घेतला, मग २४ बाय १६ इंच, चकाकी नसलेल्या कागदावर.

ते घेऊन पहिल्यांदा काकूकडे गेले. काकू शहाऐंशी वर्षांची, लग्न होऊन त्या वाड्यात आली ती पार विकला जाईपर्यंत तिथेच होती. चष्मा पुसून तिनं चित्र मांडीवर घेतलं. झाडाबद्दल ती काही बोलली नाही, जणू ते तिथे असायचंच. झोपाळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "सासूबाई." मग बराच वेळ कठड्यावर बोट फिरवत राहिली, डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

"इथला गज कुणी बसवला गं?"

मला क्षणभर कळलं नाही. मग आठवलं. डावीकडून पाचवा गज नव्हता. फोटोत तिथे मोकळी फट होती, ती मला खुपली, म्हणून शेजारचा गज क्लोन करून मी भरून काढली होती. जेमतेम दहा मिनिटांचं काम, विसरूनही गेले होते.

"तुझ्या बाबांचं डोकं अडकलं होतं तिथे," काकू म्हणाली. "सासूबाई सांगायच्या. चार वर्षांचे होते. रडून रडून लाल झाले तेव्हा मामंजींनी करवतीनं कापून काढलं. परत गज लावायचं म्हटलं की सासूबाई नको म्हणायच्या."

घरी आले, लॅपटॉप उघडला. गज वेगळ्या थरावरच होता, खालचा फोटो मी कुठेच पुसला नव्हता. थरापुढच्या डोळ्याच्या खुणेवर एकदा दाबलं. फट परत आली. तिच्यातून मागच्या पारंबीचा एक तुकडा दिसत होता आणि त्यावर तीन वाजून पाच मिनिटांचं ऊन.

दुसऱ्या दिवशी पुन्हा छापून घेतलं आणि काकूला नेऊन दिलं. तिनं करंगळी त्या फटीवर ठेवली, आणि मला म्हणाली, चहा टाक.